डेटाबेसवाल्यांच्या गप्पांत नव्याने आलेल्यांसाठी: इंदूरच्या मंडळींना वाटाड्या

सुपर कॉरिडॉरवरच्या मोठ्या कंपनीत लागलात काय किंवा विजयनगरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात, डेटाबेसचं काम अंगावर आलं की थोड्याच दिवसांत कुणीतरी एका ग्रुपची लिंक पाठवतं. आत गेलात की गडबडायला होतं. एकजण रविवारी सकाळी छप्पन दुकान या खाऊगल्लीवरून लिहितो, "भिया, ९४२." खाली दहाजण हसतात. दुसरा राजवाड्याचा जुना फोटो टाकतो, त्याखाली फक्त "१५५५". मध्येच कुणी गंभीर प्रश्न विचारतो आणि पाच मिनिटांत त्याला नेमकं उत्तर मिळतं. त्यानंतर चेष्टा पुन्हा सुरू.

ही चेष्टा म्हणजे वेळ घालवणं आहे असं समजून ग्रुप म्यूट करू नका. डेव्हलपर एका मजल्यावर डझनभर असतात, डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा, बहुतेक ठिकाणी एकटा. रात्री दोनला सर्व्हर बसला तर शेजारच्या खुर्चीत विचारायला कुणी नसतं, आणि घरी सांगावं तर "मग बंद करून चालू कर ना" असं उत्तर येतं. त्या वेळी फोन उचलणारा माणूस बहुधा तोच असतो, ज्याच्याशी दुपारी फुकटच्या गप्पा झालेल्या असतात. मी या धंद्यात जे शिकले त्यातलं बरंचसं अशा गप्पांच्या आडोशानेच शिकले. म्हणून नव्या मुलामुलींनी यात नीट शिरावं असं मला मनापासून वाटतं. कसं शिरायचं ते क्रमाने सांगते.

पहिलं: आठवडाभर नुसतं वाचा

आल्याआल्या "हाय ऑल" लिहून थांबू नका आणि लगेच विनोदही करू नका. कोण कुठल्या डेटाबेसवर काम करतं, कोण कुणाला दादा म्हणतं, कोण कुणाला नावाने हाक मारतं, कुणाचं उत्तर आलं की बाकीचे गप्प होतात, हे आठवडाभरात कळतं. वेळाही ओळखा. आपल्याकडच्यांचे मेसेज सकाळी पोह्यांच्या सुमाराला आणि रात्री साडेनऊनंतर जास्त येतात. परदेशातल्या मंडळींचा ग्रुप असेल तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. दुपारी विचारलेल्या प्रश्नाला तिकडून उत्तर आलं नाही म्हणून रुसू नका, ते झोपलेले असतात.

दुसरं: आकड्यांची भाषा शिकून घ्या

इथे खरी गंमत आहे, म्हणून जरा थांबून सांगते. डेटाबेसवाले एररच्या नंबरांत बोलतात. नंबर कळला की विनोद कळतो, आणि विनोद कळला की एरर जन्मभर विसरत नाही.

ओरॅकल या डेटाबेसचा ९४२ म्हणजे "टेबल किंवा व्ह्यू अस्तित्वात नाही". छप्पनवर रविवारच्या गर्दीत बसायला जागा मिळाली नाही की ९४२. पण त्यावर मुरलेला माणूस लिहितो, "टेबल आहे रे, तुला परवानगी नाही." हा अर्धा विनोद आणि अर्धा धडा आहे. टेबल जागेवर असतं, पण तुमच्या युजरला त्यावर हक्क दिलेला नसेल, तरी ओरॅकल हाच एरर देतं. नवा माणूस टेबल शोधत तासभर घालवतो, जुना आधी ग्रँट, म्हणजे दिलेले हक्क, बघतो.

१५५५ म्हणजे "स्नॅपशॉट फार जुना". लांबलचक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चालू असते, तिला सुरुवातीच्या क्षणाचा डेटा हवा असतो, आणि तोवर अनडूमधली, म्हणजे बदलाआधीचा डेटा तात्पुरता ठेवायच्या जागेतली, ती जुनी माहिती दुसऱ्या कुणाच्या कामाने पुसलेली असते. म्हणून कुणाच्या कॉलेजच्या फोटोखाली, कुणाच्या लग्नाच्या अल्बमखाली १५५५ पडतो.

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांचा लाडका आकडा १२०५, म्हणजे डेडलॉक. दोन ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसवर चालू असलेली दोन कामं, एकमेकांनी धरून ठेवलेल्या गोष्टीची वाट बघत अडकतात. मग सर्व्हर त्यातल्या एकाला बळी म्हणून निवडतो. वेगळं काही सांगितलेलं नसेल तर ज्याचं काम मागे घेणं (रोलबॅक) स्वस्त, त्याचा बळी जातो आणि "पुन्हा चालवा" असा सल्लाही त्याच मेसेजात मिळतो. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, असते, त्या दिवशी ऑन-कॉल कुणी राहायचं यावरून दरवर्षी घोळ होतो. एकदा दोघं अडून बसले. एक म्हणे, तू दिवाळीची ड्यूटी घे मग मी गेरची घेतो. दुसरा म्हणे, आधी तू गेरची घे. लीडने एकाची रजा परत फिरवली. त्याने ग्रुपवर एवढंच लिहिलं, "१२०५. माझा रोलबॅक स्वस्त पडला." त्यावर कुणी समजूत घातली नाही, कुणी लीडला नावं ठेवली नाहीत. एकाने लिहिलं, "पुढच्या वर्षी रीरन." आणि ज्याला सुट्टी मिळाली होती तो स्वतःहून म्हणाला, संध्याकाळी पाचनंतर मी बसतो, तू निघ.

आता नल, म्हणजे रकान्यात माहितीच नसणं. बेरीज-वजाबाकी येणाऱ्या माणसालाही नल चकवतो. आपल्याकडे नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे इंदूरच्या ग्रुपात हे असं समजावतात: तुम्ही नळाखाली बादली लावून बसलात आणि थेंबही आला नाही, तर ते शून्य. तुम्ही दिवसभर बाहेर होतात, पाणी आलं की नाही हेच ठाऊक नाही, तर तो नल. तुमच्या घरचं ठाऊक नाही, शेजारच्यांचंही ठाऊक नाही, म्हणून दोन्हीकडे सारखंच आलं असं म्हणता येत नाही. त्यामुळे नल बरोबर नल याचं उत्तर हो नसतं आणि नाहीही नसतं, "माहीत नाही" असतं. म्हणून तुलना बरोबरच्या चिन्हाने न करता "इज नल" लिहायचं. आणि "नॉट इन"च्या यादीत एक जरी नल शिरला, तरी क्वेरी एकही ओळ परत देत नाही. सकाळी कुणी ग्रुपवर "पाणी आलं का?" विचारलं आणि उत्तरात नुसतं "नल" आलं, तर आता तुम्हालाही हसू येईल.

"अवलंबून आहे" हे उत्तरही वारंवार दिसेल. इंडेक्स लावू का? अवलंबून आहे. नव्या माणसाला वाटतं टाळताहेत. टाळत नाहीत. इंडेक्स म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी. तिने वाचणं वेगवान होतं, पण प्रत्येक इन्सर्ट आणि अपडेटला त्या इंडेक्सचीही दुरुस्ती करावी लागते. दिवसभर लिहिलं जाणारं टेबल आहे की महिन्यातून एकदा रिपोर्टसाठी उघडणारं, यावर उत्तर फिरतं. तुम्ही पुढचा प्रश्न विचारा, "कशावर?" तिथून खरी चर्चा सुरू होते.

बाकी छोट्या खुणा पटकन. "स्कॉट-टायगर" म्हणजे ओरॅकलच्या जुन्या नमुना खात्याचं नाव आणि पासवर्ड: ब्रूस स्कॉट हा सुरुवातीचा कर्मचारी आणि टायगर ही त्याच्या घरची मांजर. एखाद्याचा पासवर्ड फारच सोपा असला की त्याला टायगर म्हणतात. मायएसक्यूएलमधलं "माय" हे त्याचा जनक माँटी विडेनियस याच्या मुलीचं नाव, आणि २००९ मध्ये त्यातूनच फुटलेल्या मारियाडीबीला धाकट्या मुलीचं. घरी बाळ जन्मलं की ग्रुपवर "आता कुठला डेटाबेस?" हा प्रश्न ठरलेला. एसक्यूएलचा उच्चार "सीक्वेल" की "एस-क्यू-एल" यावर वाद घालणारे भेटतील. दोन्ही चालतं, त्यात पडू नका.

तिसरं: ओळख करून द्या, दोन ओळींत

नाव, कुठला डेटाबेस, किती वर्षं, आणि सध्या काय शिकताय. पुरे. कंपनीचं नाव सांगणं गरजेचं नाही. क्लायंटचं तर कधीच सांगू नका. "मी अजून नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या" अशी आर्जवंही नकोत, सगळे नवीनच येतात. मोठ्यांना सर म्हणायचं की दादा-ताई, हे पहिल्या आठवड्याच्या वाचनात कळलेलं असेल. इंदूरच्या ग्रुपात "भिया" हे वय, पद काही न बघता चालतं, पण एखाद्या पन्नाशीच्या बाईंना पहिल्याच मेसेजात भिया म्हणू नका, ताई म्हणा.

चौथं: प्रश्न असा विचारा की लोकांना उत्तर द्यावंसं वाटेल

गप्पांमधला मान बहुतेक करून इथे मिळतो किंवा जातो. "कोणी आहे का? अर्जंट" या मेसेजला कुणी हात लावत नाही, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काहीच नसतं. "क्वेरी स्लो आहे, काय करू?" याला फक्त चेष्टा मिळते, "सर्व्हरला पोहे-जलेबी खाऊ घाल." असा वार आला की समजायचं, माहिती अपुरी पडली.

आता हा बघा नीट विचारलेला प्रश्न: "पोस्टग्रेस १५. ऑर्डर्स टेबलात सुमारे ४ कोटी ओळी. कालपर्यंत दोन सेकंदांत येणारी आजच्या ऑर्डरींची क्वेरी आज तीन मिनिटं घेते. काल रात्री ३० लाख ओळींचा लोड झाला, बाकी काही बदललं नाही. प्लॅन खाली मजकूर म्हणून जोडला आहे. इंडेक्स आहे, तपासला."

याला उत्तर किती झटकन मिळतं ते पाहा. एकजण प्लॅन, म्हणजे क्वेरी कशी चालवायची याचा डेटाबेसचा आराखडा, वाचून सांगतो की अंदाज एका ओळीचा आहे आणि प्रत्यक्षात लाखो ओळी येताहेत, म्हणजे स्टॅटिस्टिक्स, टेबलाबद्दल डेटाबेसने साठवलेले अंदाजाचे आकडे, शिळी आहेत. दुसरा कारण जोडतो: पोस्टग्रेसचं आपोआप होणारं अ‍ॅनलाइझ (हे आकडे नव्याने काढणं) मूळ सेटिंगमध्ये साधारण दहा टक्के ओळी बदलल्याशिवाय सुरू होत नाही. चार कोटींचे दहा टक्के म्हणजे चाळीस लाख, लोड झाला तीस लाखांचा, म्हणून ते सुरूच झालं नाही. हाताने अ‍ॅनलाइझ चालवा, आणि एवढ्या मोठ्या टेबलासाठी ते प्रमाण कमी करून ठेवा. विचारणाऱ्याने ओळींची संख्या आणि लोडचा आकडा दिला नसता, तर हा हिशेब कुणालाही मांडता आला नसता.

म्हणून प्रश्नात एवढं असू द्या: डेटाबेस आणि त्याची आवृत्ती, एररचा नंबर आणि मजकूर जसाच्या तसा, ओळी किती, कधीपासून, काय बदललं, तुम्ही आधी काय करून पाहिलं. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो टाकू नका, मजकूर टाका. उत्तर देणाऱ्याला त्यातून कॉपी करता आलं पाहिजे. आणि प्लॅन काढताना लक्षात ठेवा, "एक्स्प्लेन" नुसता अंदाज दाखवतं, पण "एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ" ती क्वेरी खरोखर चालवतं. डिलीटच्या पुढे ते लावलंत तर ओळी खऱ्या जातील. लावायचंच असेल तर ट्रान्झॅक्शन उघडून, शेवटी रोलबॅक.

सुटलं की परत येऊन "या उपायाने सुटलं" असं लिहा. हे करणारे फार थोडे असतात, म्हणून करणारा लक्षात राहतो. पुढच्या वेळी त्याच्या प्रश्नाला मंडळी धावतात.

पाचवं: चेष्टा कशाची करायची, कशाची नाही

डेटाबेसांची आपसातली चेष्टा खुशाल करा. ओरॅकलच्या लायसन्सचा खर्च, एसक्यूएल सर्व्हरवाल्यांची नोलॉकची (कुलूप न बघता वाचण्याची) सवय, पोस्टग्रेसवाल्यांचा व्हॅक्यूम (जुन्या ओळींची साफसफाई), हे सगळं सार्वजनिक मैदान आहे. "व्हेअर लावलास ना?" हा तर नमस्कारासारखा मेसेज आहे, शुक्रवारी संध्याकाळी विशेष. व्हेअर म्हणजे कुठल्या ओळींवर काम करायचं ती अट. त्यामागचं कारणही माहीत असू द्या. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक बदल लगेच पक्का होणं, मुळातच चालू असतं, व्हेअर न लावता डिलीट मारलं की रोलबॅक म्हणायची सोय राहत नाही. ओरॅकलमध्ये कमिट म्हणेपर्यंत सहसा वाचता येतं, म्हणून तिथून आलेला माणूस दुसरीकडे गाफील राहतो. त्यामुळे डिलीट किंवा अपडेटच्या आधी तोच व्हेअर लावून ओळी मोजून घ्या.

माणसाच्या नाइलाजाची चेष्टा मात्र करू नका. एखादा लिहितो की आमच्याकडे अजून एसक्यूएल सर्व्हर २००८ आहे. त्याचा सपोर्ट ९ जुलै २०१९ रोजी संपला हे त्यालाही ठाऊक आहे. अपग्रेडचे पैसे मंजूर करणं त्याच्या हातात नाही, रात्री तो सर्व्हर जागता ठेवणं तेवढं आहे. त्याला हसलात तर तो पुन्हा विचारणार नाही, आणि त्याच्या सर्व्हरबरोबर त्याच्याकडचा अनुभवही ग्रुपबाहेर जाईल. तसंच कुणाच्या इंग्रजीची, कॉलेजची, पगाराची, सर्टिफिकेट नसण्याची चेष्टा नको. मुलींच्या प्रश्नाला उत्तराऐवजी कौतुक पाठवणं हाही अपमानच आहे, ते थांबवणं हे ग्रुपातल्या जुन्या पुरुषांचं काम आहे आणि त्यांनी ते करावं.

मराठीवरूनही टोमणे नकोत. होळकरांच्या काळापासून इथे मुरलेल्या आपल्या मराठीत हिंदी सहज येते. पुण्याचा एखादा सभासद शब्द दुरुस्त करायला लागला तर त्याला प्रेमाने सांगा, आत्ता टेबल दुरुस्त करू या.

सहावं: आग लागली की चेष्टा बंद

कुणी लिहिलं की प्रॉडक्शनवरचा डेटा गेला, तर त्या क्षणापासून एकही विनोद नाही. "बॅकअप नव्हता का?" हेही नाही. आधी विचारा, "आणखी काही लिहिलं जातंय का? अ‍ॅप थांबवलं का?" एकाने बोलायचं, बाकीच्यांनी त्याला लागेल तेवढीच माहिती पुरवायची. पाचजणांनी पाच कमांड सुचवल्या की घाबरलेला माणूस पाचही चालवतो.

या वागण्याचं एक उदाहरण जगजाहीर आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड ठेवायच्या सेवेच्या एका इंजिनिअरने रेप्लिकेशन (डेटाबेसची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर चालू ठेवणं) दुरुस्त करताना दुसऱ्याच सर्व्हरवर, म्हणजे मुख्य डेटाबेसवर, फोल्डर पुसणारी कमांड चालवली. चूक दिसताच थांबवली, तरी सुमारे ३०० जीबीमधले साडेचार जीबीच उरले. बॅकअप पाहायला गेले तर डंप, म्हणजे डेटाची फाइलमध्ये काढलेली प्रत, कित्येक दिवस होतच नव्हता, कारण डंप घेणाऱ्या साधनाची आवृत्ती जुनी होती, आणि तो फसल्याच्या ईमेलसुद्धा मेल सर्व्हरने नाकारल्या होत्या. कुणीतरी दुसऱ्या कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेला स्नॅपशॉट कामी आला. कंपनीने दुरुस्ती सगळ्यांसमोर थेट दाखवली आणि खापर त्या इंजिनिअरवर फोडलं नाही. जगभरच्या डेटाबेसवाल्यांनी धीर देणारे संदेश पाठवले. त्यातल्या अनेकांनी त्याच दिवशी आपापला बॅकअप रिस्टोअर करून पाहिला असणार, आणि तुम्हीही दर महिन्याला एकदा तो करून बघा. दर ३१ मार्चला जागतिक बॅकअप दिन असतो, आमच्याकडे त्या दिवशी "बॅकअप आहे" असं लिहिणाऱ्याला "रिस्टोअर केलास?" असं विचारतात, आणि केल्याची तारीख आणि लागलेला वेळ सांगणाऱ्यालाच शाबासकी मिळते.

आग विझल्यावर त्या माणसाला दोन-तीन दिवस जाऊ द्या. तो स्वतः पहिला विनोद करील. त्यानंतर तुमची पाळी.

सातवं: ग्रुपवर काय कधीच टाकायचं नाही

ग्राहकांची नावं, मोबाइल नंबर, आधार, पॅन, खरी रक्कम, सर्व्हरचा पत्ता, कनेक्शन स्ट्रिंग (डेटाबेसला जोडायची पत्ता-पासवर्डाची ओळ). गंमत म्हणून टाकलेल्या स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात हेच असतं. "बघा, या माणसाने नावाच्या रकान्यात काय लिहिलंय" म्हणून पाठवलेली ओळसुद्धा कुणाची तरी खाजगी माहिती आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नमुना हवा असेल तर तीन ओळींचं खोटं टेबल बनवा. त्यामुळे उत्तर देणाऱ्यालाही तो प्रकार स्वतःकडे चालवून बघता येतो.

आठवं: प्रत्यक्ष भेटा

ओळख झाली की सकाळी पोह्यांवर किंवा रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात भेट ठरते. जा. लिहिताना फटकळ वाटणारा माणूस समोर मऊ निघतो, त्यानंतर त्याचे मेसेज वेगळ्या आवाजात वाचता येतात. ऑन-कॉल असाल तर आधीच सांगा आणि लॅपटॉप बरोबर ठेवा. सराफ्याच्या गर्दीत नेटवर्क दमतं, म्हणून त्या रात्री छप्पन बरं. बाहेरगावाहून कुणी कामासाठी आलं असेल तर त्याला एकट्याला हॉटेलात जेवू देऊ नका.

आणि नोकरी बदललीत तरी ग्रुप सोडू नका. ऑफिसच्या सिमवरून आला असाल तर शेवटच्या दिवसाआधी स्वतःच्या नंबरवर या, नव्या नंबरवरून दोन ओळी लिहून कळवा. जुन्या कंपनीच्या सर्व्हरांची नावं, पासवर्ड ठेवण्याच्या तऱ्हा आणि तिथली भांडणं तिथेच ठेवून या.